बक्षिसी आणि हक्क



१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. गोळेश्वरच्या या पैलवानाच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. त्या गुरूला आमचा मुजरा! पण आम्ही युनियनची माणसे. आमच्या मनात लगेच प्रश्न येतो : ज्या पोराला असा प्राचार्य भेटला नाही, त्याचे काय? मालक भला म्हणून मिळते ती बक्षिसी. नियमाने मिळतो तो पगार. बक्षिसीवर संसार चालत नाही, तसा खेळही चालत नाही.

जळोचीतल्या शेतमजुराचा मुलगा कॉलेजात गेला की त्याच्या फीच्या पावतीवरही जिमखान्याची रक्कम असते. तिच्यातून त्याच्या वाट्याला काय येते? मैदान, तालमीची माती, शिकविणारा माणूस, सामन्याचे गाडीभाडे, खुराक – हा हिशेब दरवर्षी कॉलेजच्या फळ्यावर लागला पाहिजे. पालकहो, तो मागा. आपल्याच पैशाचा हिशेब मागण्यात लाज कसली? पुढच्या खाशाबासाठी कुणा गुरुजींचे घर गहाण पडू नये, एवढेच आमचे मागणे आहे.