मुंगीची वाट



मृगाचा पाऊस पडला, की गुहागरच्या घरोघर एक पाहुणी येते. तिला कोणी बोलावलेले नसते. आधी एकटीच येते. मग घटकाभरात मागून शेकडो येतात. ही पाहुणी म्हणजे मुंगी. गुळाच्या डब्यात मुंगी, दुधाच्या पातेल्यात मुंगी, आंबापोळीत मुंगी, आणि तान्ह्या बाळाच्या दुपट्यावरही मुंगी!

ती पावसातच घरात का शिरते? मुंगीचे घर जमिनीत असते. अंगणात, माडा-पोफळीच्या मुळाशी, जांभ्या दगडाच्या गडग्यात. पाऊस लागला की तिच्या घरात पाणी शिरते. मग ती अंडी आणि पिल्ले तोंडात धरून कोरडी जागा शोधते. आपले घर कोरडे असते. शिवाय तिथे खायलाही मिळते.

आता मुंग्यांची रांग कशी लागते ते पाहू. आधी एक मुंगी हिंडत येते. तिला गुळाचा कण सापडतो. परत जाताना ती पोटाचे टोक जमिनीला टेकवत जाते. त्यामुळे वाटेवर एक वास राहतो. आपल्या नाकाला तो कळत नाही. पण बाकीच्या मुंग्या त्या वासावरून बरोबर येतात. रांगेतल्या मुंग्या तुम्ही चिरडल्या, तरी वाटेवरचा वास तसाच राहतो. आणि अंडी घालणारी राणी तर घरट्यात सुखरूप असते. म्हणून कितीही मुंग्या मारल्या, तरी दुसऱ्या दिवशी रांग हजर!

मग माणूस चिडतो. चिडला की विष आणतो. एका घरात आम्ही काय पाहिले, ते सांगतो. चुलीशेजारच्या फळीवर पिठाचा डबा होता. त्याच्याभोवती पांढरी पूड पसरली होती. आम्ही विचारले, "वहिनी, ही पूड कसली?" त्या म्हणाल्या, "शेतातली उरली होती. मुंग्यांसाठी टाकली." पूड ठेवली होती बिस्किटांच्या जुन्या डब्यात. डब्यावर विषाचे नाव नव्हते. घरात तीन वर्षांचे मूल होते. मुलाने डबा उघडला असता तर? पिठात पूड मिसळली असती तर? मुंगी गुळाचा कण नेते. विष माणूस नेते.

पूर्वी असल्या पुडी लोक बिनधास्त वापरत. घराघरांत बीएचसी पावडर असे. तिच्यावर आपल्या देशात १९९७ साली बंदी आली. डीडीटी शेतीत वापरायला १९८९ सालीच बंदी झाली. बाजारात मुंग्यांचा खडू मिळतो. तोही विषारी असतो, आणि दिसतो शाळेच्या खडूसारखा. मुलांना तो फरक कसा कळणार?

तर मग करायचे काय? मुंगीची वाट बंद करायची.

पहिले काम. रांग दिसली की ती कुठून येते ते आधी बघा. मग साबणाच्या पाण्याने ती सगळी वाट पुसून काढा. वास गेला की मागच्या मुंग्या वाट चुकतात.

दुसरे काम. मुंगी ज्या फटीतून येते, ती फट सिमेंटने किंवा चुन्याने बुजवा. आंब्या-फणसाची फांदी छपराला टेकली असेल, तर ती छाटा. तो मुंगीचा पूल असतो.

तिसरे काम. गूळ, साखर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दुधाचे पातेले पाणी घातलेल्या परातीत ठेवा. ते पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाही तर डास होतील. उष्टी भांडी रात्री तशीच ठेवू नका. बाळ दूध प्यायले, की त्याचे तोंड आणि मान ओल्या फडक्याने पुसा. दुधाच्या वासाला मुंगी येते.

हळदीची किंवा राखेची रेघ ओढली, तर मुंगी थोडा वेळ अडते. मग दुसरी वाट काढते.

एवढे करूनही मुंग्या हटल्या नाहीत, तर शेवटचा उपाय टाकणखाराचा. एक कप कोमट पाणी घ्या. त्यात आठ लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा टाकणखार विरघळवा. कापसाचा बोळा त्यात भिजवा. तो भोके पाडलेल्या डबीत घालून डबी रांगेजवळ ठेवा. पहिल्या दिवशी मुंग्या जास्तच येतील. घाबरू नका, त्यांना मारू नका. त्या ते गोड पाणी घरट्यात नेतात आणि राणीला, पिल्लांना भरवतात. टाकणखार वाढवू मात्र नका. फार जहाल झाला तर मुंगी वाटेतच मरते आणि राणी वाचते. धीर धरा. गुण यायला दिवस लागतात.

टाकणखारही पोटात गेला तर वाईटच. डबी मुलांच्या, कोंबड्यांच्या वाटेत ठेवू नका. डबीवर नाव लिहा. मुलाच्या पोटात कसलेही विष गेले, तर उलटी काढायला बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. विषाचे पाकीट बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

एक आजी आम्हाला म्हणाल्या, "अरे, मुंगीला आपण साखर घालतो. तिला मारायचं कसं?" आजी खोटं बोलल्या नाहीत. वाडीतली मुंगी वाळवी खाते, मेलेले किडे ओढून नेते. तिला वाडीत सुखाने राहू द्या. घरात तेवढी नको.

मंडळी, आता तुम्हाला वाचता येते. विषाच्या पाकिटावर चौकोनी खूण असते. लाल, पिवळी, निळी किंवा हिरवी. लाल म्हणजे सर्वांत जहाल. आज घरी गेलात की फळीवरचा एकेक डबा खाली काढा. त्यावरचे नाव वाचा. ज्या डब्यावर नाव नाही, त्याला पोरांचा हात लागू देऊ नका.