परभाषेवरील प्रभुत्व

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यालगतच्या रस्त्याने जाताना तमिळ वाङ्मयातील थोर व्यक्तींचे पुतळे दिसतात. १९६८ च्या जानेवारीत, दुसऱ्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने ते उभारले गेले. तिरुवळ्ळुवर, औवैयार, कंबर, सुब्रह्मण्य भारती यांच्या पंक्तीत तेथे तीन यूरोपीय धर्मोपदेशकही आहेत: बेस्की, कॉल्डवेल आणि पोप. ज्या समाजात स्वभाषेचा अभिमान इतका प्रखर, त्याने तीन परक्यांना हे स्थान द्यावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. परभाषा शिकणारे पुष्कळ असतात. परंतु त्या भाषेच्या घरच्या माणसांनी ज्याला आपला म्हणावे, अशी पायरी फार थोडे गाठतात. ती पायरी कोणती, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

कामापुरती भाषा येणे आणि भाषेवर प्रभुत्व असणे यांतील अंतर मद्रासमध्ये पूर्वीच दिसून आले होते. १८१२ मध्ये तेथे फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेज स्थापन झाले. कंपनी सरकारचे तरुण मुलकी अधिकारी तेथे तमिळ, तेलुगू इत्यादी भाषा शिकत व परीक्षा देत. अर्ज वाचता यावा, रयतेची फिर्याद समजावी, एवढीच बहुतेकांची गरज होती. परंतु कॉलेजच्या उभारणीत पुढाकार घेणारे फ्रान्सिस व्हाइट एलिस तेवढ्यावर थांबले नाहीत. पट्टाभिराम शास्त्री यांच्यासारख्या तेथील पंडितांच्या साह्याने त्यांनी दक्षिणेतील भाषांचा अभ्यास केला आणि या भाषांचे कूळ संस्कृतहून स्वतंत्र आहे, असे १८१६ मध्ये मांडले. पुढे १८५६ मध्ये रॉबर्ट कॉल्डवेल यांच्या तौलनिक व्याकरणाने हाच विचार सविस्तर सिद्ध केला.

तमिळ शिकणाऱ्यापुढे एक विशेष अडचण असते. या भाषेचे ग्रांथिक आणि बोली असे दोन पदर आहेत आणि त्यांत बरेच अंतर आहे. ‘तो येत आहे’ हे पुस्तकात ‘वंदुकोंडिरुक्किऱान’ असे लिहिले जाते. रस्त्यावर तेच ‘वंदुट्टिरुक्कान’ असे ऐकू येते. केवळ ग्रंथ वाचणारा बाजारात गोंधळतो. केवळ बाजारात शिकलेला काव्यापुढे निरुत्तर होतो. दोन्ही आले तरी कोठे कोणते वापरावे, याचा विवेक उरतोच. व्याकरणाची चूक ऐकणारा क्षमा करतो. प्रसंगाला न शोभणारी भाषा मात्र त्याच्या कानाला खटकते.

ही अडचण कॉन्स्टान्झो बेस्की यांनी नेमकी ओळखली. १६८० मध्ये इटलीत जन्मलेले बेस्की १७१० मध्ये गोव्यास उतरले व तेथून मदुराई मिशनमध्ये गेले. बोली तमिळ आणि ‘सेंदमिळ’, म्हणजे अभिजात तमिळ, यांची त्यांनी वेगवेगळी व्याकरणे लिहिली. त्यांतील दुसऱ्याचे इंग्रजी भाषांतर १८२२ मध्ये मद्रासच्या त्याच कॉलेजच्या छापखान्यात छापले गेले. लिहिताना ऱ्हस्व व दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ यांत भेद राहत नसे. तो दाखविणारी चिन्हांची सुधारणाही त्यांच्याच नावावर आहे. ‘तेंबावणी’ हे त्यांचे महाकाव्य ३,६१५ पद्यांचे आहे. परंपरेनुसार सुप्रदीप कविरायर हे त्यांचे गुरू. हे काव्य गुरूनेच रचले असावे, असा संशयही काहींनी घेतला. परक्याला इतके साधेल, यावर विश्वास बसणे कठीण होते. तो संशय बाजूला ठेवला तरी त्यातून एक सत्य दिसते: असे प्रभुत्व एकट्याने मिळविता येत नाही.

जॉर्ज उग्लो पोप यांचेही असेच. १८३९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते मद्रासला आले. रामानुज कविरायर यांच्यापाशी त्यांनी तमिळचे अध्ययन केल्याचे सांगितले जाते. ‘तिरुक्कुऱळ’चे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘तिरुवाचकम्’चे १९०० मध्ये, ते ऐंशी वर्षांचे असताना. पहिल्या धड्यापासून या ग्रंथापर्यंत साठ वर्षांचा काळ लोटला होता. मरीनावर पोप यांचा पुतळा आहे. त्यांच्या शिक्षकाचा नाही.

मराठी श्रोत्यांना येथे फादर स्टीफन्स यांची आठवण होईल. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रजाचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. आपल्या धर्माची कथा सांगण्यासाठी त्यांनी येथल्या ओवीचे व पुराणाचे वळण स्वीकारले, जसे बेस्की यांनी तमिळ महाकाव्याचे स्वीकारले. हे सर्व धर्मप्रसारासाठी आले होते, हे विसरण्याचे कारण नाही. तथापि भाषेने त्यांना शिष्यत्व पत्करावयास लावले. उच्चारात परकेपणाची छटा राहिली म्हणून प्रभुत्व उणे ठरत नाही. त्या भाषेतील जाणत्यांपुढे आपले लेखन ठेवावे, त्यांनी ते तपासावे, चुका दाखवाव्यात आणि अखेर त्यांनाच ते वाचण्याजोगे वाटावे, ही त्याची खरी कसोटी आहे. कोणतेही प्रमाणपत्र तिची जागा घेऊ शकत नाही.