देवळालीचा ताप



मी शिक्षकाच्या पेशांत असतांना एका विद्यार्थ्यानें एकदां इंग्रजी कोश माझ्यापुढें धरला आणि कांहींशा रागानेंच विचारलें, "गुरुजी, माझ्या आजोळच्या गांवाच्या नांवापासून या लोकांनीं वेडाचा शब्द कां केला?" शब्द होता 'डूलाली' आणि आजोळ होतें नाशिकजवळचें देवळाली. त्या वेळीं मला त्याचें समाधान करतां आलें नाहीं. आज तें करण्याचा प्रयत्न करतों.

इंग्रजी अमदानींत देवळालीस गोऱ्या सैन्याची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत भरलेले शिपाई मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथें राहत. परंतु सैनिकांचीं जहाजें सामान्यतः ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतच सुटत. चैत्रांत ज्याची मुदत भरली, त्याला दसऱ्यापर्यंत तिष्ठणें भाग पडे.

फ्रँक रिचर्डस् या जुन्या शिपायानें १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत या मुक्कामाचें वर्णन आहे. शिपायाजवळ शस्त्र नसे, नेमून दिलेलें काम नसे. केव्हां तरी सामानाची तपासणी आणि केव्हां तरी लांबची कूच, एवढाच उद्योग. ज्यांची वर्तणूक आजवर निष्कलंक होती, अशीं माणसेंही येथें बिघडत आणि तुरुंगांत जात. ती शिक्षा हिंदुस्थानांतच भोगावी लागे, म्हणजे घर आणखी लांब जाई. या अवस्थेस शिपायांनीं 'डूलाली टॅप' असें नांव दिलें. त्यांतील 'टॅप' म्हणजे दुसरें कांहीं नसून आपला तापच होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच व्यथा फार मोठ्या प्रमाणावर दिसून आली. ब्रिटिश सरकारनें मुक्ततेचा क्रम ठरविण्यासाठीं वय व नोकरी यांचें गणित बसविलें होतें. दोन महिन्यांची नोकरी ही वयाच्या एका वर्षाबरोबर धरली जाई आणि त्यावरून प्रत्येकास गटाचा क्रमांक मिळे. १८ जून १९४५ पासून मुक्तता सुरू झाली व ऑगस्टांत जपान शरण आला. पण पूर्वेकडे अडकलेल्या असंख्य माणसांना पुरतील इतकीं जहाजें होतीं कोठें? क्रमांक हातीं होता, जहाज मात्र नव्हतें. जानेवारी १९४६ मध्यें कराचीजवळच्या ड्रिग रोड येथील तळावर ब्रिटिश विमानदलाच्या लोकांनीं संप केला आणि त्याचें लोण थेट सिंगापूरपर्यंत पोंचलें. पुढें कांहींजणांवर लष्करी न्यायालयांत खटले झाले. युद्धाचीं वर्षें ज्यांनीं शिस्तींत काढलीं, त्यांना शांततेचे पांच महिने सोसवले नाहींत.

याचें कारण काय असावें? मला वाटतें, रणांगणावर कष्ट अपार असले तरी आज काय करावयाचें हें शिपायास ठाऊक असतें. वाट पाहणाऱ्यापाशीं रिकामा दिवस तेवढा असतो, आणि घर जितकें जवळ आलेंसें वाटतें तितका तो दिवस अधिक जड होतो. वाट पाहावयास लावणारांनीं दोन गोष्टी तरी द्याव्या: हातांना काम आणि खरी तारीख.

आपल्या लोकांनाही हें दुःख चुकलें नाहीं. १९१८ सालीं तुर्कांशीं युद्धतहकुबी झाली, तरी हिंदी पलटणी मेसोपोटेमियांत राहिल्याच आणि १९२० सालच्या उठावांत त्यांना पुन्हां लढावें लागलें. त्या देशांतील युद्धांत मराठा पलटणीही उतरल्या होत्या. लढाई संपल्याची बातमी गांवांत पोंचते आणि माणूस मात्र येत नाहीं. अशा वेळीं कोंकणांतल्या व देशावरच्या घरांनीं काय सोसलें असेल! इंग्रज शिपायाच्या तापाला निदान कोशांत जागा मिळाली. उंबऱ्यावर बसून वाट पाहणाऱ्या आईच्या तापाला तीही मिळाली नाहीं.

तो विद्यार्थी आज ऐकत असेल, तर त्यानें निश्चिंत असावें. देवळालीच्या हवेंत वेड नव्हतें. मुंबईचे लोक हवापालटासाठीं तेथेंच जात आले आहेत. वेड होतें तें रिकामपणाचें आणि न येणाऱ्या जहाजाचें. गांवाच्या माथीं तें उगाच बसलें.