बढतीची पायरी आणि आकड्यांची लढाई



आम्ही सूतगिरणीतले कामगार. कायदा शिकलो तो रातपाळी करून, वाचनालयात बसून. तेव्हा चार शब्द साधेच बोलतो.

१९४३ साली बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना केंद्राच्या नोकऱ्यांत आपल्याला ८ १/३ टक्के जागा मिळाल्या. दार उघडलं. पण आत गेलेला माणूस वर चढतो का, हे कोण पाहणार? आमच्या माहितीतला एक लिपिक ज्या टेबलावर लागला, त्याच टेबलावरून निवृत्त झाला.

१९९२ साली मंडल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, बढतीत आरक्षण नाही. संसदेने १९९५ साली ७७वी घटनादुरुस्ती करून अनुसूचित जाती-जमातींसाठी ती वाट पुन्हा खुली केली. मग २००६ चा नागराज निकाल आला. बढतीत आरक्षण देता येईल, पण त्या पदांवर प्रतिनिधित्व अपुरे आहे हे सरकारने आकड्यांनिशी दाखवावे. २०२२ साली न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की ही मोजणी संवर्गनिहाय हवी. सगळ्या खात्याची गोळाबेरीज चालणार नाही.

आपल्या राज्यात काय झाले? २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने बढतीत ३३ टक्के आरक्षण होते. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ७ मे २०२१ ला शासनाने बढतीच्या कोट्यातील रिक्त पदे सेवाज्येष्ठतेनेच भरण्याचा आदेश काढला.

बंधूंनो, आपली पोरं नालायक आहेत असं न्यायालयानं म्हटलं नव्हतं. त्यानं आकडे मागितले होते. आकडे सरकारी दप्तरात असतात, अन् नुकसान मात्र टेबलावरच्या माणसाचं होतं.

म्हणून नोकरीतल्या भावंडांना आमचं सांगणं एवढंच. सेवाज्येष्ठता यादी लागली की आपलं नाव, जन्मतारीख, रुजू तारीख तपासा. चूक असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. बिंदुनामावली बघा. ती विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. आपल्या नगर जिल्ह्याला ते कार्यालय नाशिकला आहे. दाखवत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकारात नक्कल मागा. एकट्याने मागायला भीती वाटते, तर पाच जणांनी मिळून मागा.

संघटित व्हा म्हणजे नुसतं मोर्चात चला असं नव्हे. कागद सांभाळणं हीसुद्धा संघटनाच आहे.

जय भीम! जय भारत!