नातीचं नाव फ्रीडा

मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, घर म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि मुलगा जर्मनीत गेल्यापासून फोनवर तोडकंमोडकं जर्मन. माझ्याकडून लोक युद्धाच्या गोष्टींची अपेक्षा करतात. आज मी बारशाची गोष्ट सांगणार आहे. पण त्या बारशाआधी आमच्या घरात नऊ दिवस युद्धच चाललं होतं आणि माघार मी घेतली, हे आधीच सांगून टाकतो.

जानेवारी महिना होता. सकाळी सहाला मी कुक्करहळ्ळी तळ्यावर फिरत होतो आणि मुलाचा फोन आला. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते, म्हणजे तिथे रात्रीचा दीड. "बाबा, मुलगी झाली." मी तळ्याकाठी उभा राहूनच म्हणालो, "जिजा आली!" माझ्या आईचं नाव जिजाबाई. नाव माझ्या मनात कधीचं पक्कं होतं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "बाबा, आम्ही फ्रीडा ठरवलंय."

मी फोन ठेवला. पुढचे नऊ दिवस त्याच्याशी बोललो नाही. बायको बोलायची, मी पेपर वाचायचो. गावाकडे काय सांगू, हाच एक प्रश्न डोक्यात.

दहाव्या दिवशी त्याचा मोठा संदेश आला. त्याचं नाव जयंत. जर्मनमध्ये इंग्रजी 'जे' अक्षराचा उच्चार 'य' होतो. त्याने लिहिलं होतं, "बाबा, इथे मी बारा वर्षं 'यायांट' आहे. प्रत्येक नव्या माणसाला नाव दुरुस्त करून सांगतो. हल्ली सांगतही नाही. आजीचं नाव इथे 'यिया' होईल. तिला बालवाडीत रोज दहा जण यिया म्हणतील, ते तुम्हाला चालेल?" आणि शेवटी एक ओळ, "माझं नाव ठेवताना तुम्ही आईला विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. मी तेव्हा सीमेवरच्या एका चौकीत होतो. मुलगा झाल्याचं कळलं तसं मी पत्र धाडलं, नाव जयंत ठेवा. विजयी होणारा. सैनिकाच्या मुलाला दुसरं कुठलं नाव शोभणार? पस्तीस वर्षांनी बायकोला विचारलं, तेव्हा कळलं की तिच्या मनात वेगळं नाव होतं. कुठलं, ते तिने अजूनही सांगितलेलं नाही.

तरी माझा राग लगेच गेला नाही. मी जर्मन नावांचा अभ्यास सुरू केला, तोही त्यांच्यातला फोलपणा दाखवायला. पहिला शोध असा की जुनी जर्मन स्त्रीनावं हत्यारांनी भरलेली आहेत. गेर्ट्रूडमधला 'गेर' म्हणजे भाला. हिल्डेगार्डमधला 'हिल्ड' म्हणजे लढाई. हेडविग या नावाचे दोन्ही तुकडे लढाईच. एखाद्या पलटणीची हजेरी वाचतोय असं वाटलं. आणि या सगळ्यांत फ्रीडा. तिचं मूळ 'शांतता' या अर्थाच्या शब्दात. पणजीच्या काळातलं नाव, आता तिथे पुन्हा ठेवलं जातंय. बंदूक खांद्यावर घेऊन मी ज्याची राखण करत होतो, तेच माझ्या सुनेने मुलीसाठी निवडलं होतं.

दुसरा शोध कायद्याचा. मला वाटायचं, तिथे सरकार जर्मन नावाची सक्ती करतं. तसं नाही. तिथे जन्म आठवड्याच्या आत नोंदणी कार्यालयात कळवावा लागतो. नाव तेव्हा ठरलेलं नसेल तर एक महिना मिळतो. नावामुळे मुलाचं अहित होईल असं दिसलं तर कार्यालय हरकत घेऊ शकतं. एका जोडप्याने मुलीचं नाव किरण ठेवायचं ठरवलं. हो, आपलं किरण. कार्यालय म्हणालं, या नावावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही. प्रकरण कार्ल्सरुहेच्या संविधान न्यायालयापर्यंत गेलं. ५ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयाने निकाल दिला, नावातून लिंग कळलंच पाहिजे असं बंधन नाही, किरण चालेल. म्हणजे जिजाही चाललं असतं. फ्रीडा हे नाव आईबापांनी पूर्ण स्वातंत्र्यात निवडलं होतं.

तिसरा शोध आपल्याच घरातला. १९०५ साली ब्रह्मदेशात एका मराठी कुटुंबात मुलगी जन्मली. आईवडिलांनी तिथल्या नदीवरून तिचं नाव ठेवलं, इरावती. त्या आपल्या इरावती कर्वे, 'युगान्त' लिहिणाऱ्या. त्यांनी डॉक्टरेट केली तीही बर्लिनला. आज इरावती हे नाव परकं आहे असं कुणी म्हणेल का? आणि आम्हा फौजींना प्रिय असलेले नेताजी. त्यांची मुलगी १९४२ साली व्हिएन्नात जन्मली, आई एमिली शेंकल. मुलीचं नाव अनिता. तिकडच्यांना ते तिकडचं वाटतं, आपल्याला आपलं.

माझ्यासारख्या आजी-आजोबांसाठी थोडं कामाचं सांगतो. नाव सुचवण्याआधी ते ज्या गावात हाक मारली जाणार, तिथल्या माणसाकडून वाचून घ्या. जर्मनमध्ये 'जे'चा 'य' होतो, 'झेड'चा 'त्स', आणि 'व्ही'चा बऱ्याचदा 'फ'. माया तिथे अगदी आरामात चालतं, तिथल्या गोष्टीतल्या प्रसिद्ध मधमाशीचं नावच माया. तिथलं स्पेलिंग मात्र 'वाय'ऐवजी 'जे' घालून. दुसरं, जन्मदाखला, पासपोर्ट आणि पुढचे सगळे कागद यांत एकच स्पेलिंग ठेवा. एका जवानाच्या नावात भरतीच्या वेळी एक अक्षर चुकलं होतं, तर त्याच्या विधवेला पेन्शनसाठी किती हेलपाटे घालावे लागले ते मी पाहिलंय. तिसरं, आईवडील भारतीय नागरिक असतील आणि बाळालाही भारतीय नागरिक ठेवायचं असेल, तर वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत जन्म नोंदवा.

अकराव्या दिवशी मीच फोन केला. काय बोलायचं ते ठरवून बसलो होतो, प्रत्यक्षात एवढंच म्हणालो, "चुकलं माझं. फ्रीडा कशी आहे?" तो रडला. मग मीही.

बारसं व्हिडिओवर झालं. तिथे पाळणा नव्हता, कपड्यांच्या टोपलीला झेंडूच्या कागदी माळा लावल्या होत्या. आत्या पुण्यात. तिने फोनला तोंड लावून 'कुर्र' केलं. इथे आम्ही घुगऱ्या वाटल्या. शेजारच्या अज्जींनी विचारलं, "हेसरू एनु?" मी सांगितलं, फ्रीडा. त्या म्हणाल्या, "प्रीता? छान!" गावाकडून चुलतभावाचा फोन आला, त्याच्या तोंडी ते 'फिरदा' झालं. तेव्हा जयंत हसून म्हणाला, "बघा बाबा, आता तुम्ही दुरुस्त करत बसा." मी करतोही. अज्जींना तीनदा सांगून झालंय. त्या आता तिला सरळ पुट्टी म्हणतात, तसं त्या गल्लीतल्या प्रत्येक मुलीला म्हणतात.

आणि जिजा? ते मी मागितलं नव्हतं. बारशाच्या शेवटी सून म्हणाली, "बाबा, घरात हाक मारायला एक नाव तुम्ही ठेवा." रविवारी दुपारी फोन लागतो. मी जिजा म्हटलं की ती पडद्याकडे वळते. बायको म्हणते, ती आवाजाकडे वळते, नावाकडे नव्हे. असेलही.

जय हिंद.