गोळी सुरू आहे, पण तोंड जळतंय

आज मी माझंच सांगणार आहे. गटाच्या बैठकीत तीन वर्षं मी याबद्दल गप्प बसले.

सासूबाई गेल्या त्या वर्षी माझी झोप उडाली, जेवण सुटलं, कशातच मन लागेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी उदासपणाच्या आजारावर अमिट्रिप्टिलिनची गोळी दिली. महिन्याभरात झोप लागू लागली, मी पुन्हा गटाचे हिशेब लिहू लागले. पण तोंड सुकायला लागलं. भाकरीचा घास घशाखाली उतरेना. जीभ पोळल्यासारखी व्हायची, ठेचा तर लांबच राहिला.

सांगायचं कुणाला? मनाच्या गोळ्या घेणारी बाई काहीही बोलली, तरी लोक म्हणतात, हिला भास होतो. शेजारीण म्हणाली, मशेरी लाव, ठणका थांबेल. लावली, तर हिरड्या जास्तच झोंबू लागल्या. मग मी कुणाला न विचारता गोळीच बंद केली. पंधरा दिवसांत झोप गेली आणि जुने काळे विचार परत आले. तेव्हा आमच्या ह्यांनी मला पुन्हा दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, हा भास नाही. या गोळीनं लाळ कमी होते." लाळ तोंड ओलं ठेवते, दात जपते. ती आटली की जीभ जळजळते, ओठांचे कोपरे चिरतात, दात किडतात, कधी जिभेवर पांढरी बुरशी धरते. त्यांनी हळूहळू गोळी बदलून दिली. दोन महिन्यांनी मी पोटभर भाकरी खाल्ली.

तुमच्या घरी कुणाला असा त्रास असेल तर एवढं करा. गोळी मनानं बंद करू नका, पण त्रास नक्की सांगा. डॉक्टर प्रमाण कमी करू शकतात, गोळी बदलू शकतात. शेतात जाताना पाण्याची बाटली न्या, घोट घोट प्या. मशेरी, तंबाखू, सुपारी सोडा. तोंड ओलं राहावं म्हणून खडीसाखर चघळू नका, त्यानं दात किडतात. थोडी बडीशेप चघळा. दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासा. दातांच्या डॉक्टरांनाही गोळ्यांचं पाकीट दाखवा.

दोन गोष्टींत मात्र थांबू नका. जबडा आखडला, जीभ आपोआप वाकडी वळू लागली, तर लगेच दवाखाना गाठा. कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन सुरू असताना ताप, अंगावर पुरळ आणि तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

जवळ विचारायला कुणी नसेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक लावा. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीत एखादी नुसतंच पाणी पीत बसली, जेवायला नको म्हणाली, तर तिला बाजूला घेऊन विचारा, "तोंड दुखतंय का गं?" मला कुणी विचारलं असतं, तर माझे ते पंधरा दिवस वाचले असते.