‘लोक काय म्हणतील?’ आणि आपली मुले
(सुवर्णमहोत्सवानिमित्त रावेर येथे केलेले भाषण)



रावेरसारख्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. अडीअडचणीला हीच ओळख धावून येते. परंतु दहावीच्या निकालाच्या दिवशी तीच सोळा वर्षांच्या मुलाला जड होते. समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर एकाचे अभिनंदन झळकते आणि शेजारच्या घरात दुसरा दार लावून बसतो. गुण कमी पडल्याच्या दुःखाहून ‘आता लोक काय म्हणतील’ ही धास्ती मोठी असते.

ही धास्ती गुणांपुरती राहत नाही. रंग, उंची, इंग्रजीचा उच्चार, सर्वच गोष्टींत मूल दुसऱ्याच्या नजरेने स्वतःकडे पाहू लागते. चुकेन म्हणून शंका विचारीत नाही, नवे काही करून पाहत नाही. करून न पाहिल्याने जमत नाही, आणि न जमल्याने ‘मी कमी आहे’ ही समजूत पक्की होते.

एन.सी.ई.आर.टी.ने 2022 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशातील सुमारे 3 लाख 80 हजार विद्यार्थी होते. त्यांपैकी 81 टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा व निकाल यांची चिंता वाटते, असे सांगितले.

मी कापडाचा व्यापारी. मीटरने कापडाची लांबी कळते; पोत हाताला लागतो आणि रंगाचा पक्केपणा धुतल्यावरच समजतो. टक्केवारी ही केवळ मीटरपट्टी आहे. वस्तूला अनेक बाजू असतात असे सांगणाऱ्या अनेकांताचे आपण वारस. मग मुलाला एकाच आकड्याने का मोजावे?

म्हणून माझी नम्र सूचना अशी, की गुणगौरव समारंभात टक्केवारी वाचू नये. नावे अकारविल्हे घ्यावीत. 2015 पासून दहावीत नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकरच होते. त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची नावेही त्याच यादीत, त्याच मानाने यावीत. पालकांनी पाहुण्यांसमोर तुलना टाळावी. मूल अबोल झाले तर आधी ऐकून घ्यावे. गरज वाटल्यास शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

विद्यार्थी मित्रांनो, लोक चार दिवस बोलतात आणि आपापल्या दुकानी लागतात. आयुष्य मात्र तुमचे आहे.